धागा: दवाखान्यात दाखल झालेल्या म्हाताऱ्या माणसाच्या सगळ्या गोळ्या एकत्र कोण बघतं?

करवीर_औषधी (धागाकर्ती)

मी कोल्हापुरातल्या एका रुग्णालयात फार्मासिस्ट आहे. वॉर्डात फिरून पेशंटचे औषधांचे तक्ते तपासणं हे माझं रोजचं काम. त्यातून जे दिसतं ते इथे मांडावं असं बरेच दिवस मनात होतं, कारण ह्या धाग्यावर येणाऱ्या बहुतेकांच्या घरात सत्तरीपुढचं कुणी ना कुणी आहे.

असा माणूस न्यूमोनियानं, लघवीच्या संसर्गानं किंवा खुब्याचं हाड मोडून दाखल होतो तेव्हा गोळ्यांची एक पिशवी त्याच्यासोबत आलेली असते. बीपीची एका डॉक्टरांची, साखरेची दुसऱ्यांची, गुडघ्यांची गावातल्या डॉक्टरांची, झोपेची कधीतरी कुणीतरी दिलेली. दवाखान्यात त्यात नवी भर पडते आणि डिस्चार्जच्या दिवशी जुनी-नवी मिळून सगळी घरी जातात. आपल्याकडे सिंधुदुर्ग, निपाणी-चिक्कोडी, चंदगडकडून पेशंट येतात. ते पुन्हा तपासणीला लगेच येत नाहीत. 'पाच दिवस' म्हणून लिहिलेली गोळी गावातल्या मेडिकलमधून पुढे वर्षभर चालू राहिलेली मी पाहिली आहे. 'ह्या वयात, ह्या किडनीला, ह्यातलं काय नको?' असं विचारणारा माणूस ह्या साखळीत बहुतेक वेळा नसतोच.

हा प्रश्न जगात नवा नाही. अमेरिकेत मार्क बीअर्स ह्या डॉक्टरांनी १९९१ साली वृद्धाश्रमातल्या रुग्णांसाठी शक्यतो टाळावीत अशा औषधांची यादी केली. ती पुढे सगळ्याच ज्येष्ठांसाठी वापरात आली आणि २०२३ मध्ये पुन्हा सुधारली गेली. आयर्लंडमधल्या कॉर्कच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये 'स्टॉप' आणि 'स्टार्ट' अशी जोडयादी काढली. तिचीही तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. त्यात १३३ मुद्दे काय थांबवावं ह्याचे आहेत आणि ५७ मुद्दे काय सुरू करायचं राहून गेलं ह्याचे. हा दुसरा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. म्हाताऱ्यांना औषध जास्त होतं तसं हवं ते मिळतही नाही. दुखण्यावर मॉर्फिनसारखं औषध सुरू केलं आणि पोट साफ होण्याचं दिलंच नाही, हे नेहमीचं.

ह्या याद्यांमध्ये आपल्याकडची काही औषधं सापडत नाहीत. चक्कर आली की दिली जाणारी सिनारिझिन, अॅसिडिटीच्या गोळीत मिसळून येणारी लेव्होसल्पिराइड, ही अमेरिकेत वापरातच नाहीत, त्यामुळे अमेरिकन यादीत ती असणारच नाहीत. दोन्हींनी म्हाताऱ्या माणसाचे हात थरथरू शकतात, चाल अडखळू शकते. 'यादीत नाही म्हणजे चालतं' असा अर्थ कुणी काढू नये.

आता किडनीचं. ८० वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या आजी घ्या. रक्तातलं क्रिएटिनिन (स्नायूंतून तयार होणारा, किडनीनं बाहेर टाकायचा पदार्थ) १.०. रिपोर्टवर कुठेही खूण नाही, घरचे म्हणतात किडनी चांगली आहे. पण किडनी मिनिटाला किती रक्त गाळते त्याचा अंदाज देणाऱ्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच्या सूत्रात हेच आकडे घातले (१४० वजा वय, गुणिले वजन, भागिले ७२ पट क्रिएटिनिन आणि बाईमाणूस म्हणून गुणिले ०.८५) की उत्तर येतं मिनिटाला जेमतेम ३२ मिलिलिटर. अंगावर मांस कमी, म्हणून क्रिएटिनिन मुळात कमीच तयार होतं आणि आकडा सरळ दिसतो. ह्या आजींना गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅकची इंजेक्शनं आणि तरुण माणसाच्या डोसात प्रेगाबालिन (मज्जातंतूंच्या दुखण्याचं औषध) मिळालं तर काय होईल? लघवी कमी होईल, गुंगी चढेल, बाथरूमला जाताना पडतील. मग खुबा.

झोपेच्या गोळ्यांचंही असंच. डायझेपाम अंगातून अर्धं उतरायला विशीतल्या माणसात साधारण २० तास लागतात, ऐंशीत साधारण ९०. म्हणजे सोमवारी रात्री दिलेली गोळी गुरुवारीही अंगात असते आणि रोज एक दिली तर साठतच जाते.

अनुभव लिहा, प्रश्न विचारा. दवाखान्यांची आणि डॉक्टरांची नावं मात्र नकोत.

---

भुदरगडी

ताई, चांगला विषय काढलात. आमच्या आबांचं सांगतो. प्रोस्टेटचा त्रास होताच. सर्दी-खोकल्यानं दम लागला म्हणून कोल्हापुरात आणलं. सलाईन, इंजेक्शनं सुरू झाली. रात्री आबा उठून बसले आणि म्हणायला लागले, "म्हशी सोडल्या कुणी, दार लावा." सलाईन उपसून काढली. लघवी तुंबली ती वेगळीच, नळी घालावी लागली. आमची आत्या म्हणाली वात झालाय, एक पाहुणे म्हणाले बाहेरचं काहीतरी लागलंय, अंगारा आणा. आबा आयुष्यभर शांत माणूस. त्यांना हात बांधलेले बघताना माझ्या थोरल्या भावाला रडू आवरेना.

सकाळी राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांनी तक्ता बघितला आणि सर्दीचं इंजेक्शन व रात्रीची झोपेची गोळी दोन्ही काढायला लावली. दोन-तीन दिवसांत आबा माणसात आले. तोपर्यंत आम्हाला वाटत होतं की आता हे असंच राहणार, घरी नेऊन सांभाळायचं. ते सर्दीचं इंजेक्शन एवढं करतं?

---

करवीर_औषधी

भुदरगडीदादा, करतं. फेनिरामिन, क्लोरफेनिरामिन, प्रोमेथाझिन ही जुन्या पिढीतली अॅलर्जीची औषधं. सर्दीच्या गोळ्यांत, खोकल्याच्या बाटल्यांत हीच असतात. मेंदू, मूत्राशय आणि आतडी ज्या अॅसिटिलकोलिन नावाच्या रसायनावर चालतात, ते ही औषधं अडवतात. तरुणाला नुसती झोप येते, तोंड कोरडं पडतं. म्हाताऱ्या माणसाची लघवी अडते, पोट फुगतं आणि तो भ्रमात जातो. प्रोस्टेट असला तर आणखी लवकर. नैराश्य आणि मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी दिली जाणारी अॅमिट्रिप्टिलिनही ह्याच जातीची. अशी दोन-तीन एकत्र आली की परिणामाची बेरीज होते, म्हणून प्रत्येक गोळी सुटी बघून काही कळत नाही.

संसर्गानंही भ्रम होतो, त्यामुळे आबांच्या बाबतीत सगळा दोष औषधाचाच असं मी म्हणणार नाही. पण राउंडवरच्या डॉक्टरांनी जे केलं ते अगदी बरोबर केलं.

---

मास्तर_शिवाजीपेठ

माझं मत थोडं वेगळं आहे. असे धागे वाचून लोक मनानं गोळ्या बंद करतात. आमच्या गल्लीत एका गृहस्थांनी व्हॉट्सअॅपवर काहीतरी वाचून रक्त पातळ होण्याची गोळी सोडली आणि अर्धांगवायू झाला. डॉक्टर शिकलेले आहेत, त्यांना सगळं माहीत असतं. पेशंटच्या नातेवाइकांनी तक्ता तपासायला लागणं म्हणजे अविश्वासाची सुरुवात आहे असं मला वाटतं.

---

वैद्यकीय_शाहूपुरी

मास्तर, तुमची भीती मला पूर्ण मान्य आहे. मी फिजिशियन आहे, बावीसेक वर्षं इथेच प्रॅक्टिस करतो. मनानं औषध सोडल्यामुळे बिघडलेले पेशंट दर महिन्याला बघतो. झोपेची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यानं ती एकदम सोडली तर झटके येऊ शकतात, म्हणून ती आठवड्यांच्या हिशेबानं उतरवायची असते. बीटा ब्लॉकर (बीपी-हृदयाची एक गोळी), स्टेरॉइड, फिटची गोळी, ह्यातलं काहीही एकदम तोडायचं नसतं.

पण 'डॉक्टरांना सगळं माहीत असतं' हे मात्र खरं नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी काय दिलंय हे मला पेशंटनं सांगितल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे प्रत्येकाचा केसपेपर वेगळा. नातेवाइकानं पिशवी टेबलावर रिकामी केली तर मला तो अविश्वास वाटत नाही, काम सोपं होतं.

माझ्या डोळ्यांसमोर सर्वांत जास्त वेळा घडणारी गोष्ट सांगतो. आजोबांना चक्कर येते. खरं तर बीपीची गोळी जास्त झालेली असते, उठताना बीपी पडतं. उभं करून बीपी कुणी मोजत नाही. चक्करसाठी प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन सुरू होतं. काही महिन्यांनी हात थरथरतात, चेहरा निर्विकार होतो, पावलं घासत चालतात. पार्किन्सन म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल सुरू होतं. त्यानं विसरभोळेपणा वाढतो, लघवी अडते. मग स्मृतिभ्रंशाची गोळी, मग लघवीची. प्रत्येक पायरीवर डॉक्टर प्रामाणिकपणेच वागलेला असतो, समोरच्या लक्षणाला औषध देतो. मूळ चक्कर बीपीची गोळी अर्धी करून गेली असती. म्हणून म्हाताऱ्या माणसात कुठलंही नवं लक्षण दिसलं की आधी 'हे औषधामुळे तर नाही?' असं विचारायचं, हे मी माझ्या ज्युनिअर मुलांना सतत सांगतो. अॅम्लोडिपिननं पाय सुजतात आणि सुजेसाठी लघवीची गोळी दिली जाते, हेही त्यातलंच.

आणि घरच्यांनाही एक विनंती. रात्री दोन वाजता पेशंट ओरडतोय, शेजारच्या बेडवरचे वैतागलेत, नातेवाईक ड्यूटीवरच्या पोराला म्हणतात, "काहीतरी देऊन झोपवा की हो." तो पोरगा एकटा असतो आणि देतो. कधी कधी खरंच द्यावं लागतं, पेशंट स्वतःला इजा करून घेत असेल तर थोड्या डोसात, थोडा वेळ. पण त्याआधी लघवी तुंबली आहे का, संडास किती दिवस झालेली नाही, दुखतंय का, सोडियम-साखर किती, हे बघायला हवं. चष्मा, कानाचं यंत्र, कवळी लोक घरी ठेवून येतात, 'हरवेल' म्हणून. ऐकू येत नाही, दिसत नाही, अनोळखी खोली. त्यात रात्रभर दिवे. घरचं ओळखीचं माणूस उशाशी बसून बोलत राहिलं तर इंजेक्शनाची गरज कितीतरी वेळा पडत नाही.

---

आजरा_घनसाळ

आईचं सोडियम वर्षात दोनदा कमी झालं. "अंगातलं मीठ कमी झालंय" म्हणून दाखल केलं, सलाईननं वाढवलं, घरी सोडलं, वरून मीठ खायला सांगितलं. पुन्हा तेच. असं का होत असेल? गोळ्या: बीपीची एक (टेल्मिसार्टन एच), मन उदास असतं म्हणून एस्सिटालोप्राम, गुडघ्यासाठी लागेल तशी ट्रॅमाडॉल असलेली. वय ७६.

---

वैद्यकीय_शाहूपुरी

न तपासता निदान करणं योग्य नाही, पण तुम्ही लिहिलेल्या तिन्ही गोळ्यांकडे तुमच्या डॉक्टरांचं लक्ष नक्की वेधा. टेल्मिसार्टनपुढचा 'एच' म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, लघवीवाटे सोडियम घालवणारं औषध. काही पाकिटांवर 'सीएच' असतं, ते क्लोरथॅलिडोन, तेही त्याच कुळातलं. एस्सिटालोप्राम आणि ट्रॅमाडॉल ह्या दोन्हींनीही सोडियम उतरू शकतं. तिन्ही एकत्र असताना नुसतं मीठ वाढवून पुन्हा तीच गोळी चालू ठेवली तर तिसऱ्यांदा दाखल व्हावं लागण्याची शक्यता खूप. वर बीपीच्या पेशंटला जास्त मीठ, हे आणखी उलटं.

डॉक्टरांना असं विचारा: "बीपीसाठी 'एच' नसलेलं काही चालेल का? उदासीसाठी दुसरं आहे का? गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल पुरेल का?" उदासीची गोळी मात्र आपण होऊन थांबवू नका.

---

आजरा_घनसाळ

डॉक्टर, खूप आभार. पाकीट आत्ता हातात घेऊन बघितलं. 'एच' एवढा बारीक छापलाय की आईला काय, मलाही चष्मा लावून वाचावा लागला. उद्याच फोन करते.

---

सिस्टर_कळंबा

मी निवृत्त परिचारिका. ज्यावर कुणी लिहिलं नाही ते लिहिते: साखर.

सोनोग्राफीसाठी, ऑपरेशनसाठी पेशंट उपाशी ठेवायचा असतो. सकाळची साखरेची गोळी मात्र घरच्यांनी पिशवीतून काढून सवयीनं दिलेली असते. नंबर यायला दुपार होते. पेशंट घामेजतो, असंबद्ध बोलतो, कधी एक बाजू लुळी पडल्यासारखी वाटते आणि सगळे अर्धांगवायू समजून धावतात. ग्लुकोमीटर लावला की साखर चाळीस. ग्लिबेनक्लामाइड ह्या बाबतीत सर्वांत वाईट, एकदा उतरवलेली साखर लांबवर उतरतीच ठेवतं, किडनी कमजोर असेल तर जास्तच. ग्लिमेपिराइडही म्हाताऱ्यात जपून.

आपल्याकडे नवरात्रात अंबाबाईचे नऊ दिवस उपवास करणाऱ्या आज्या घरोघरी आहेत. त्यांना उपवास सोडा म्हटलं तर त्या ऐकत नाहीत आणि मला ते जबरदस्तीनं सांगावंसंही वाटत नाही, ती त्यांची श्रद्धा आहे. पण नवरात्राच्या आधी डॉक्टरांकडे जाऊन गोळीचं गणित बदलून घ्या. साबुदाणा खाऊन सकाळी साखर वर आणि संध्याकाळी काहीच नाही म्हणून खाली, असं होतं.

ऐंशी वर्षांच्या माणसाची साखर शंभरवर आणायचा हट्ट कशासाठी? थोडी जास्त असलेली चालते, कमी झालेली एका रात्रीत माणूस नेते.

---

पंचगंगा_घाट

सिस्टर, शेवटचा परिच्छेद माझ्या सासूबाईंना वाचून दाखवला. त्या रोज सकाळी बोट टोचून ११० च्या वर गेली की जेवत नाहीत.

माझा प्रश्न वेगळा. मामंजींचे सांधे दुखतात म्हणून गावाकडून पुड्या आणतात. 'आयुर्वेदिक आहे, अपाय नाही.' घेतल्या की दोन तासांत पळायला लागतात. दाखल करताना ह्या सांगायच्या का? ते म्हणतात डॉक्टर ओरडतील.

---

वैद्यकीय_शाहूपुरी

सांगायच्याच, आणि पुडी सोबत आणायची. दोन तासांत असा फरक पडत असेल तर त्यात स्टेरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेलं असण्याची शंका घ्यायलाच हवी. अशा पुड्यांत ते सापडलेलं आहे. महिनोन् महिने स्टेरॉइड घेतल्यावर शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. दाखल झाल्यावर पुडी अचानक बंद झाली की बीपी पडतं, उलट्या होतात, आणि आम्ही कारण शोधत बसतो. ओरडणार नाही, वचन देतो.

---

मास्तर_शिवाजीपेठ

डॉक्टरांचे प्रतिसाद वाचले. अविश्वासाचा शब्द मी मागे घेतो. पण मग नेमकं करायचं काय, ते साध्या भाषेत कुणी सांगेल का? आम्ही नवरा-बायको दोघंच घरी, मुलगा पुण्यात.

---

करवीर_औषधी

मास्तर, घरातली प्रत्येक गोळी एका पिशवीत भरा. डब्यात काढून ठेवलेल्या सुट्या नकोत, पाकिटासकट. डोळ्यांचे थेंब, मलम, खोकल्याची बाटली, पुडी, जवळच्या दुकानातून आणलेली पित्ताची, सगळं. एका कागदावर मराठीत लिहा की कोणती गोळी कशासाठी, कुणी दिली, कधीपासून. 'कशासाठी' चा रकाना जिथे रिकामा राहील तीच पहिली विचारायची गोळी. हा कागद मोबाईलमध्ये फोटो काढून मुलालाही पाठवून ठेवा. रात्री-अपरात्री दाखल व्हायची वेळ आली तर तो पुण्याहून ड्यूटी डॉक्टरांना पाठवू शकेल.

डिस्चार्जच्या दिवशी घाई असते, बिल, गाडी, सामान. तरी दहा मिनिटं मागून घ्या. नव्या कागदासमोर जुना कागद धरायचा आणि प्रत्येक जुन्या गोळीबद्दल विचारायचं: चालू, बंद, की डोस बदलला? नव्या गोळीबद्दल: किती दिवस? 'पुढे बघू' असं उत्तर आलं तर कधी बघायचं ती तारीख लिहून घ्या.

सर्वांत जास्त घोटाळा नावांचा होतो. घरी एका कंपनीची अॅम्लोडिपिन असते, दवाखान्यातून दुसऱ्या कंपनीची येते, जनऔषधी केंद्रातून तिसऱ्या नावाची. माणूस तिन्ही घेतो आणि बीपी पडून आडवा होतो. मोठं नाव न बघता खाली छापलेला घटक बघायचा. जमत नसेल तर मेडिकलवाल्याला पिशवी दाखवून 'ह्यात एकच औषध दोनदा आहे का' एवढंच विचारा. हे सांगणं आमचं कामच आहे. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मागू नका. त्या शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत, आम्हाला वेगळ्या रजिस्टरात नोंद करून ती तीन वर्षं ठेवावी लागते, आणि त्यामागे कारण आहे.

औषधामुळे त्रास झाला असं वाटलं तर सामान्य माणूसही कळवू शकतो. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून औषध-सुरक्षेचा राष्ट्रीय कार्यक्रम चालतो, त्याची टोल-फ्री हेल्पलाइन १८००-१८०-३०२४. तक्रार म्हणून नाही, नोंद म्हणून. म्हाताऱ्यांच्या अशा नोंदी आपल्याकडून फार कमी जातात आणि त्या जायला हव्यात असं मला मनापासून वाटतं.

---

भुदरगडी

कागद आज रात्रीच करतो. एक शेवटचं विचारतो. आबांना डिस्चार्जला पॅन्टोप्राझोल दिली होती, सकाळी उपाशीपोटी. ती अजून चालू आहे. एकदा बंद केली तर इतकं जळजळलं की पुन्हा सुरू केली. म्हणजे लागतेच का?

---

करवीर_औषधी

तसंच काही नाही. ही गोळी बरेच महिने घेऊन एकदम थांबवली की पोटातलं आम्ल काही दिवस उसळी मारतं, मूळ आजार नसला तरी. त्यामुळे लोकांना वाटतं गोळीशिवाय जमत नाही. डॉक्टरांना विचारून आधी डोस कमी, मग दिवसाआड, असं उतरवता येतं. साध्या पित्तासाठी आठ आठवड्यांपुढे ती सहसा लागत नाही; वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ कमी होऊ शकतं, हाडं ठिसूळ होऊ शकतात, आतड्याचे संसर्ग वाढू शकतात.

पण आधी हे सांगा: आबांना हृदयासाठी अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू आहे का, किंवा कधी जठरातून रक्तस्राव झाला होता का? तसं असेल तर ती गोळी पोटाचं रक्षण करत असू शकते आणि थांबवायची नाही.

---

भुदरगडी

अॅस्पिरिन चालू आहे. दोन वर्षांमागे स्टेंट टाकलाय.

---

करवीर_औषधी

मग हात लावू नका. पुढच्या वेळी हृदयाच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा पॅन्टोप्राझोल किती डोसात आणि किती दिवस, हे त्यांच्याकडूनच कागदावर लिहून घ्या. आणि सर्दी झाली तर मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नका. आबांच्या कागदावर वरच्या बाजूला लाल शाईनं लिहून ठेवा: 'सर्दीच्या इंजेक्शनानंतर भ्रम झाला होता, लघवी अडली होती. फेनिरामिन, क्लोरफेनिरामिन नको.'